ओटा व ओसरीची बांधकाम परवानगी (ग्रामीण महाराष्ट्र)

ओटा व ओसरीची बांधकाम परवानगी म्हणजे राहत्या घराला लागून ओटा, ओसरी, सज्जा किंवा वापरती गच्ची बांधण्यापूर्वी सक्षम प्राधिकरणाकडून घ्यावयाची लेखी अनुमती होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशा बांधकामासाठी स्वतंत्र परवाना नसतो. ते घराच्या बांधकामाचाच भाग समजले जाते आणि घराला लागू असलेले कायदे त्याला लागू होतात. प्रामुख्याने महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या तीन कायद्यांचा येथे संबंध येतो. कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करावयाचा, हे बांधकामाच्या आकारापेक्षा जागा गावठाणाच्या हद्दीत आहे की बाहेर यावर अधिक अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. परभणी–पूर्णा–नांदेड लोहमार्गावर पूर्णा आणि लिंबगाव या स्थानकांच्या दरम्यान चुडावा स्थानक आहे. गावठाण, त्याभोवतीची शेतजमीन आणि जवळून जाणारा लोहमार्ग अशी रचना असलेल्या गावांत परवानगीचे बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

संज्ञा

ओटा म्हणजे दारापुढील, जोत्याच्या उंचीचा किंवा त्याहून थोडा कमी उंचीचा उघडा चौथरा. त्यावर छप्पर आले की सामान्यतः त्यास ओसरी किंवा पडवी म्हणतात. वरच्या मजल्यावरून भिंतीबाहेर काढलेला भाग म्हणजे सज्जा. मराठवाड्यात या सर्वांहून जुना प्रकार माळवदाचा आहे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर घालून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले हे सपाट छत वाळवण, धान्य पसरणे आणि उन्हाळ्यात झोपणे यांसाठी वापरले जाते. पाश्चात्त्य देशांत घरामागे लाकडी ‘डेक’ ज्या कामासाठी बांधला जातो, ते काम येथे ओटा आणि माळवद मिळून करतात. फरक इतकाच, की डेक बहुधा घराच्या मागे, खाजगी आवारात असतो, तर ओटा रस्त्याकडे तोंड करून असतो. परवानगीविषयीचे बहुतेक वाद या रस्त्याकडील बाजूनेच निर्माण होतात.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील बोलीत गावाच्या वस्तीच्या जागेस ‘पांढर’ किंवा ‘पांढरी’ आणि लागवडीच्या जमिनीस ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून, त्यांची माती मुरून वस्तीची जागा पांढुरकी होते, म्हणून हे नाव पडले. महसुली परिभाषेतील ‘गावठाण’ ही संकल्पना या पांढरीशी बहुतांशी जुळते. गावठाणाच्या सीमा निश्चित करण्याचा अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. हैदराबाद राज्यातील जुना जमीन महसूल कायदा जाऊन त्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. नगररचना अधिनियम त्याच वर्षी ११ जानेवारीस अमलात आला होता. गावठाणातील बहुसंख्य जुनी घरे या कायद्यांच्या आधीपासूनची असल्याने त्यांचे मंजूर नकाशे नसणे स्वाभाविक आहे. नकाशा नसणे म्हणजे ते घर अनधिकृत असणे नव्हे; मात्र त्याला नवी ओसरी जोडताना पहिल्यांदाच कागद करण्याची वेळ येते आणि मग घराच्या जागेची हद्द नेमकी कोठे आहे, हा मूळ प्रश्न पुढे येतो.

गावठाणाच्या हद्दीत

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून इमारत उभारण्यास किंवा पुन्हा उभारण्यास मनाई आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. तिच्या आधारे ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी सुलभ पद्धत ठरवून दिली. तीत भूखंडाच्या क्षेत्रानुसार तीन टप्पे पडतात.

भूखंड सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंत (१५० चौरस मीटर) असेल, तर ग्रामपंचायतीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मालकीची कागदपत्रे, इमारतीचा नकाशा आणि तो नियमावलीनुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे किंवा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीस सादर करून, विकास शुल्क भरून काम सुरू करता येते. १६०० ते ३२०० चौरस फुटांच्या भूखंडासाठी हीच कागदपत्रे दिल्यावर ग्रामपंचायत दहा दिवसांत शुल्काची रक्कम कळवते आणि ते भरल्यानंतर दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामास नगररचनाकाराची मान्यता लागते.

पहिल्या टप्प्याचे वर्णन वृत्तपत्रांतून ‘परवानगीची गरज नाही’ असे झाले. ते अर्धेच खरे आहे. परवानगीचा निर्णय घेण्याचे काम ग्रामपंचायतीकडून काढून अभियंत्याच्या प्रमाणपत्राकडे दिले गेले. कागदपत्रे, नकाशा आणि शुल्क यांतून सुटका झालेली नाही. कागद न देता बांधलेली ओसरी या सवलतीत बसत नाही.

रस्त्यावर येणारा ओटा

ओट्याविषयी सर्वांत थेट तरतूद परवानगीच्या कलमात नसून त्याच्या पुढच्या, म्हणजे अतिक्रमणाच्या कलम ५३ मध्ये आहे. सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेवर भिंत, कुंपण, खांब यांबरोबरच ओसरी, ओटा, जोते आणि पायरी उभारणे हा त्या कलमाखाली अपराध आहे. वरच्या मजल्यावरून रस्त्यावर किंवा उघड्या गटारावर येईल असा सज्जा किंवा खोली काढण्यासही ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आवश्यक ठरविली आहे. कायदा करणाऱ्यांनी या वस्तूंची नावे एकेक करून घातली, यावरून खेड्यातील गल्ली कशाने अरुंद होते याची त्यांना चांगली जाण होती असे दिसते. या कलमाखालील दंड किरकोळ आहे. खरी धार आहे ती अडथळा काढून टाकण्याच्या अधिकारात. ग्रामपंचायतीने कारवाई केली नाही, तर जिल्हाधिकारी ती करू शकतात.

नुकसान कसे साठत जाते हे साध्या हिशेबाने लक्षात येते. बारा फुटांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांचे ओटे आले की आठ फूट उरतात. त्यापुढे प्रत्येकी एक फुटाची पायरी आली की सहा. बैलगाडी कशीबशी जाते. ट्रॅक्टरची ट्रॉली, रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाचे वाहन जात नाही. एकट्या घराचा दोन फुटांचा ओटा कोणालाच अडवत नाही, म्हणून तक्रार होत नाही, आणि समोरच्याने तसाच ओटा बांधल्यावर पहिल्याला तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. ओट्याखालून जाणारे गटार हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. गटार झाकून ओटा बांधला की ते उपसता येत नाही आणि पावसाळ्यात पाणी वरच्या घरांकडे तुंबते.

अतिक्रमणाचा परिणाम ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वावरही होतो. अधिनियमाच्या कलम १४ मधील तरतुदीनुसार शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. अतिक्रमण मूळ कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीने केलेले असले, तरी सदस्य त्या जागेचा वापर चालू ठेवत असल्यास अपात्रता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वाशीम जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले. निवडणुकीनंतर जुन्या ओट्यांची मोजमापे अचानक निघू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

गावठाणाच्या बाहेर

गावठाणाबाहेर, म्हणजे ‘काळीत’ घर किंवा घराचा वाढीव भाग बांधावयाचा असल्यास दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात: जमिनीचा अकृषिक (बिनशेती) वापर वैध असणे आणि बांधकामाची परवानगी असणे. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

अकृषिक वापराचे नियमन जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२ व त्यानंतरच्या कलमांनी होते. नंतर समाविष्ट झालेल्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगी घ्यावी लागत नाही. रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरल्यावर ती जमीन निवासी वापरात रूपांतरित झाल्याचे मानले जाते. वर्ग दोनच्या जमिनीसाठी अटी वेगळ्या आहेत. मात्र ही सवलत जमिनीच्या वापरापुरती आहे. घराचा नकाशा मंजूर करून घेणे त्यानंतरही आवश्यक असते.

प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रात नगररचना अधिनियमाच्या कलम १८ अन्वये ग्रामीण भागातील विकास परवानगी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी नगररचना विभागाचा अभिप्राय घेतला जातो. ग्रामपंचायतीचा ‘ना-हरकत दाखला’ ही अशी परवानगी नव्हे. गावठाणाबाहेरील शेतात केवळ अशा दाखल्यावर बांधलेले घर गृहकर्जाच्या वेळी अडते, कारण बँकेचा पॅनेलवरील अभियंता मंजूर नकाशा मागतो.

शेतकऱ्याने आपल्या शेतातच शेतीच्या सोयीसाठी उभारलेल्या शेतघराला कलम ४१ खाली सवलत आहे. शेतीचा संबंध नसलेल्या, गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर बांधलेल्या घरास ती मिळत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. रेखांकन मंजूर नसलेल्या शेतातून असे तुकडे विकले गेले की खरेदीदाराचे नाव सातबारावर सामाईकात येते किंवा येतच नाही, आणि घराचा नकाशा मंजुरीसाठी देताना त्याला स्वतःची चतुःसीमा दाखविता येत नाही. ओसरीच्या परवानगीसाठी गेलेल्या माणसाला आपल्या घराचीच परवानगी होऊ शकत नाही, हे तेथे प्रथम कळते.

चुडाव्यासारख्या गावात लोहमार्गाचाही विचार करावा लागतो. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आतील बांधकामासाठी रेल्वे प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते. राज्यमार्ग व अन्य वर्गीकृत रस्त्यांलगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांची अंतरे पाळावी लागतात. तालुक्याचे ठिकाण असलेल्या पूर्णा शहरासाठी नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण आहे. चुडावा तिच्या कक्षेत येत नाही.

काय मोजले जाते

राष्ट्रीय इमारत संहितेत ‘आच्छादित क्षेत्रा’ची जी व्याख्या आहे, तीत विहीर, झाडाभोवतीचा पार, बाक, उघडा जिना यांच्याबरोबर ‘चबुतरा’ हा शब्द इंग्रजी मजकुरातही तसाच ठेवला आहे. वरून उघडा आणि बाजूंनी भिंती नसलेला चबुतरा आच्छादित क्षेत्रात धरू नये, असे ती म्हणते. ओट्याचे स्वरूप हेच असल्याने स्वतःच्या भूखंडातील उघडा ओटा सहसा वादाचा विषय होत नाही. त्यावर पत्रे टाकून खांब दिले की स्थिती बदलते. पुढे जाळी आणि मग भिंत आली की ती खोली होते. बहुतेक ओसऱ्या या क्रमानेच, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, खोल्या बनतात आणि मूळ नकाशाशी त्यांचा मेळ राहत नाही.

२०२० च्या नियमावलीत बांधकामाच्या बाह्यरेषेच्या आतील क्षेत्र मोजण्याची पद्धत आहे. त्यामुळे सज्जाचे क्षेत्रही चटईक्षेत्रात येते. पूर्वीप्रमाणे तो वेगळा काढून नंतर बंदिस्त करून घेण्यात फायदा राहिलेला नाही. सज्जाची रुंदी १ ते २ मीटर असावी, अशी अपेक्षा आहे. खिडकीवरील छज्जा ०.७५ मीटरपर्यंत सामासिक अंतरात, म्हणजे घर व भूखंडाची हद्द यांमधील मोकळ्या जागेत, येऊ शकतो. घराच्या आतील दुरुस्ती व बाह्य स्वरूपात विशेष फरक न पडणारी कामे यांना नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ खाली परवानगी लागत नाही. नवी ओसरी त्यात बसत नाही.

विजेच्या तारांचे अंतर हा नियम ओसरी आणि सज्जा यांच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उच्चदाब वाहिनीपासून बांधकामाचे उभे अंतर किमान ३.७ मीटर आणि आडवे अंतर १.२ मीटर असावे लागते. ३३ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी आडवे अंतर २ मीटर आहे. लघुदाबाच्या साध्या तारांसाठी उभे अंतर २.५ मीटर व आडवे १.२ मीटर आहे. तार खांबावर आधीपासून असते आणि सज्जा तिच्याकडे सरकत जातो. गच्चीवर कपडे वाळत घालताना किंवा लोखंडी सळई वर चढविताना होणाऱ्या अपघातांचे मूळ या अंतरात असते.

माळवदावर मजला

जुन्या माळवदावर पत्र्याची खोली उभारणे किंवा माळवद काढून सिमेंटचे छत टाकणे, ही मराठवाड्यात घर वाढविण्याची रूढ पद्धत आहे. नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याचे प्रमाणपत्र येथे केवळ औपचारिकता राहत नाही. माळवद गळू लागले की त्यावर दरवेळी नवी माती चढविली जाते. कालांतराने थर एक फुटाहूनही जाड होतो आणि त्याचा सर्व भार मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. त्यांतील मोठा भाग अशा जड छतांखाली व भिंतींखाली सापडलेल्यांचा होता. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले भूकंपाचे धक्के परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. भिंतींची तपासणी न करता माळवदावर भार वाढविणे हा या नियमांतील सर्वांत धोकादायक आणि सर्वांत कमी तपासला जाणारा भाग आहे. ग्रामपंचायतीकडे त्यासाठी तांत्रिक मनुष्यबळ नसते.

अर्ज व कागदपत्रे

अर्जासोबत मालकीचा पुरावा, जागेचा मोजणी नकाशा, अस्तित्वातील घर आणि प्रस्तावित भाग वेगवेगळ्या रंगांत दाखविणारा नकाशा, अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि घरपट्टी भरल्याची पावती जोडतात. घर भावाभावांत सामाईक असल्यास इतर सहहिस्सेदारांची लेखी संमती लागते. बहुतेक अर्ज या संमतीपाशीच थांबतात.

मालकीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दिला जातो. तो वस्तुतः करआकारणीचा उतारा आहे. त्यात नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. त्यात घराची लांबी-रुंदी असली तरी ती जागेच्या चतुःसीमेचा पुरावा होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ड्रोनद्वारे गावठाणांचे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचे काम महाराष्ट्रात हाती घेण्यात आले. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना म्हणून असेच भूमापन सुरू केले. मिळकत पत्रिकेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ड्रोनचे चित्र ओटा कोठे संपतो हेही टिपते. त्यामुळे मोजणीच्या वेळी हद्द दाखविताना ओटा आपल्या जागेत की रस्त्यात, याचा निर्णय कागदावर कायमचा होतो. त्या वेळी हरकत घेणे नंतरच्या दाव्यापेक्षा सोपे असते.

नियोजन प्राधिकरणाकडे केलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाते. बांधकाम नियमांशी विसंगत असेल, तर या मानीव परवानगीचा उपयोग होत नाही. मिळालेली परवानगी एक वर्ष वैध असते आणि त्यानंतर मुदतवाढ घ्यावी लागते. विनापरवाना कामाला थांबविण्याची नोटीस, पाडण्याची नोटीस आणि खटला अशा तिन्ही कारवाया संभवतात. काम पूर्ण झाल्यावर नमुना ८ मध्ये वाढीव क्षेत्राची नोंद होऊन घरपट्टी वाढते. अनेक जण ओसरीची नोंद टाळतात ते याच कारणाने. परंतु विक्री, वाटणी किंवा रस्तारुंदीकरणात मोबदला ठरविताना नोंद नसलेला भाग हिशेबात धरून घेणे कठीण जाते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) खालील घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्या घरात जनावरांचा चारा, अवजारे आणि पाहुणे यांना जागा उरत नाही, म्हणून पुढे ओसरी जोडली जाते. नकाशा काढतानाच तिची जागा भूखंडाच्या आत राखून ठेवल्यास पुढे रस्त्यावर येण्याची वेळ येत नाही.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत २०० चौरस फुटांहून मोठा नसलेला, जमिनीपासून ३० इंचांहून उंच नसलेला, घराला न जोडलेला आणि घराच्या आवश्यक बाहेर जाण्याच्या दारापुढे नसलेला डेक परवान्यातून मुक्त आहे. या चारही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. इंग्लंडमध्ये ३० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आणि इतर बांधकामांसह बागेचा निम्म्याहून अधिक भाग न व्यापणाऱ्या चौथऱ्यास सामान्यतः नियोजन परवानगी लागत नाही. तेथील नियमांत भर पडण्याच्या धोक्यावर आणि शेजाऱ्याच्या खाजगीपणावर आहे. उंच डेक कोसळून होणारे अपघात आणि शेजारच्या अंगणात डोकावणारी दृष्टी हे त्यांचे विषय आहेत. महाराष्ट्रातील खेड्यांत ओट्याच्या उंचीवरून सहसा कोणी भांडत नाही. तंटा होतो तो लांबी-रुंदीवरून, आणि तोही बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन फुटांवरून.